ब्रिगेडियर सरनोबतांची राहदारी

लढाई हरलो त्या दिवशी आमच्या सगळ्या साहेब लोकांचे पाय उलटे झाले. टाचा पुढे, बोटं मागे. पळताना होतं म्हणे असं. शिपायांना काही झालं नाही, कारण पळायचंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

या पायांची खोड अशी, की साहेब कुठेही निघाला तरी पाय त्याला परत रणातच नेत. म्हणून जिंकलेल्यांनी त्यांना आमच्या जनावरांच्या बाजारात आणून सोडलं, आणि साहेबांनी आपणहून स्वतःला दावणीला बांधून घेतलं. चाळीस साहेब, छातीवर पदकं, कमरेला कासरा. राहदारीचा परवाना हातात पडला की पाय मुकाट धक्क्याकडे वळत. तिथून पाचच्या लाँचने परमुलखात.

राहदारी लिहायला मला बसवलं. बाजारात जनावरांचे दाखले अकरा वर्षं मीच लिहितेय, आणि दुसरे फॉर्म छापायला वेळ नव्हता. रंग, वय, शिंगं, खोड, मारका की गरीब. मी विचारायचे आणि साहेब मान ताठ करून उत्तर द्यायचे. "मारका?" म्हटलं की एकजात सगळे म्हणायचे, "गरीब." अहाहा! महिन्यापूर्वी हेच चौकाचौकात मिशीला पीळ देत फिरत होते. खाली एक ओळ असायची: यास कोणी अडवू नये, कोणी हात लावू नये. ती लिहिताना मला दर वेळी किळस यायची, खोटं कशाला बोलू?

एकेक साहेब गेला की बाजाराचं आवार एका दावणीने लहान व्हायचं. साडेतीनला माझं टेबल, एक खुंटा आणि ब्रिगेडियर सरनोबत, एवढेच उरलो. भिंत माझ्या पाठीला टेकली होती.

माझा धाकटा भाऊ तुळशीराम या सरनोबतांचाच ऑर्डर्ली. तीन वर्षं त्याने यांचे बूट पुसले. पळताना यांनी त्याला नदीच्या पुलावर उभं केलं आणि सांगितलं, "मी येईपर्यंत हलायचं नाही." तो अजून तिथेच आहे. मी दोनदा जाऊन आले. डबा नेला, हाताला धरून ओढलं, नाही नाही ते बोलले. म्हणतो, "साहेब येणार आहेत, अक्का. तू जा." आणि पूल आज पाचला उडवायचा होता.

"पुलावर माणूस आहे," मी धोंगड्यांना म्हणाले. धोंगडे म्हणजे जिंकलेल्यांचे अंमलदार. माझ्या शेजारी शिक्का घेऊन बसत.

"असेल," धोंगडे म्हणाले. "पूल पाचला उडणार."

मी सरनोबतांकडे वळले. "साहेब, आधी पुलावर चला. त्याला सुट्टी द्या, मग लिहिते."

सरनोबतांनी खुंट्याला मिठी मारली. "बाई, मी आता अधिकारी नाही. माझा हुकूम चालत नाही."

"त्याच्यावर चालतोय अजून."

"गुणी मुलगा आहे," ते म्हणाले. "नाव काय बरं त्याचं?"

जळलं मेलं ते तोंड! तीन वर्षं याने माझ्या भावाच्या हातचा चहा प्यायला.

"शब्द दिलाय, बाई," धोंगडे म्हणाले. "प्रत्येक साहेबाला राहदारी. तुम्ही नाही लिहिलीत तर दुसरा लिहील."

मी लिहिलं. रंग, उडालेला. वय अठ्ठावन्न. शिंगं नाहीत. गरीब. धोंगड्यांनी शिक्का मारला. सरनोबतांनी हात पुढे केला, पण मी कागद सोडला नाही.

"बूट काढा."

"का?"

"फॉर्मवर बूट नाहीत. जनावराला बूट नसतात."

"मी ब्रिगेडियर आहे! परमुलखात अनवाणी जाऊ?"

"आत्ताच तर म्हणालात, अधिकारी नाही म्हणून."

धोंगड्यांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला. "बुटांचा उल्लेख नाही खरा," ते म्हणाले.

सरनोबतांनी बूट काढले. आतले पाय पांढरेफटक होते, कधी ऊन न लागलेले. कागद छातीशी धरून ते तुरुतुरु धक्क्याकडे गेले. पुलाचं नावसुद्धा काढलं नाही.

मी बूट चढवले. माझे पाय आत गेले आणि निमूट मागे वळले. दुखलं नाही. बूट उठून रणाच्या वाटेला, पुलाकडे चालायला लागले, आणि मी त्यांच्यात होते म्हणून गेले. वाटेत पहाऱ्यावरच्यांनी बूट बघून वाट दिली.

पाच वाजत आले होते. तुळशीराम पुलाच्या मधोमध उभा होता, ओठ फुटलेले. साहेबांच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा सरनोबतांचा नियम. त्याची नजर बुटांपाशीच थांबली आणि त्याने टाचा जुळवल्या.

'तुळशा, अरे मी आहे, चल पळ,' असं म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "विश्राम."

त्याचे खांदे खाली आले. किती दिवसांनी हसला माझा भाऊ! त्याने बंदूक माझ्या हातात दिली, खाली वाकला आणि बाहीने बुटांवरची धूळ पुसली. मला त्याच्या केसांतून हात फिरवायचा होता. हात बंदुकीवरून सुटेना.

"पूल तुमच्या ताब्यात, साहेब," तो बुटांना म्हणाला. "सगळे म्हणत होते, तुम्ही येणार नाही. आमची अक्का तर दोनदा येऊन शिव्या घालून गेली तुम्हाला."

बूट सरकले आणि तो उभा होता त्याच जागी जाऊन उभे राहिले.

"आता घरी जातो. पहिलं तिला सांगतो, साहेब आले म्हणून. बघा, कशी खजील होते ती."

त्याने सलाम ठोकला आणि गावाच्या बाजूला धावत सुटला. अजून पुलावरच होता, तेवढ्यात त्याला राहवलं नाही. "अक्का!" त्याने हाक मारली. "अगं अक्का!"

मी ओठांत दात रोवले आणि ओ दिली नाही.