पाण्यात उभा मोर्लाईस

पाटी

फाटकावरची पाटी अशी आहे:

गार्वन गळ क्लब. लोखंडी पुलापासून चॅपलच्या भिंतीपर्यंत. मासे धरणं फक्त सभासदांसाठी. हिवाळाभर पाण्यात पाय घालू नये.

शेवटच्या, नव्या ओळीखाली कुणीतरी खिळ्यानं कोरलंय: मोर्लाईस, तूसुद्धा.

कोरणारा हेविन. तो कबूल करत नाही, पण असं वेडंवाकडं अक्षर गावात दुसऱ्या कुणाचं नाही.

नदी

आमच्या आजोबांच्या काळात गार्वनमध्ये हात बुडवला तर तो काळा निघायचा. कोळसा धुतलेलं पाणी खाणीतून सरळ नदीत यायचं. मग खाण बंद झाली. अर्धं गाव घरी बसलं आणि नदीचा तळ हळूहळू दिसायला लागला. दोन्ही एकदमच घडलं, त्यामुळे नदी किती छान झाली असं बोलताना आमच्याकडे कुणी फार हसत नाही.

मोर्लाईस त्या खाणीत शेवटच्या पाळीपर्यंत होता. वर आला तो थेट नदीवर गेला. गाडीची दारं, पलंगाच्या स्प्रिंगा, दुकानातल्या ढकलगाड्या, मेलेली मेंढरं, सगळं त्यानं बाहेर ओढलं. आधी एकट्यानं, मग क्लबला घेऊन. पुढे नदीत घाण उरली नाही, तेव्हा तो पडलेली झाडं ओढायला लागला. मग फांद्या. मग पानं अडकतात म्हणून मुळंसुद्धा. आमच्या घरांत एक पुढची खोली असते, पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेली, जिच्यात घरच्यांनी बसायचं नसतं. त्यानं नदी तशी ठेवली होती. वरच्या दरीतले क्लबवाले मुद्दाम बघायला यायचे. आम्ही हात मागे बांधून त्यांना काठानं फिरवायचो.

मासे? मासे ट्रकनं यायचे. दर मार्चात, मासे वाढवायच्या तळ्यावरून.

तेग्वेन

ती मोर्लाईसच्या बहिणीची मुलगी. शाळेत मुलांचं जेवण शिजवते. हातात गळाची काठी पहिल्यांदा दिली ती मामानंच, आणि क्लबच्या सभेत मामाच्या विरोधात पहिल्यांदा उभी राहिली तीही हीच.

"मामा, आपली नदी स्वच्छ आहे. पण रिकामी आहे."

"रिकामी कशी? मार्चात एवढे मासे सोडतो."

"एप्रिलपर्यंत संपतात. शेपट्या झिजलेल्या त्यांच्या. माणसाची चाहूल लागली की पळायचं सोडून जवळ येतात, कुणी दाणे टाकेल म्हणून."

"माझी कोंबडीपण तशीच आहे," हेविन म्हणाला. "मी तिला गळ नाही टाकत."

तेग्वेनचं म्हणणं साधं होतं. मासा अंडी घालतो ती दगडगोट्यांत. गोट्यांमधून पाणी खेळतं राहिलं तर अंडी जगतात. आपल्या गोट्यांमध्ये शंभर वर्षांची कोळशाची भुकटी बसली आहे, सिमेंटसारखी. ती उकरायची, नवे गोटे टाकायचे आणि ट्रक बंद करायचा, कारण तळ्यातले मासे नदीत जन्मलेली पिल्लं गिळतात. मग वाट बघायची.

वाट बघायची, हे ऐकून सभा जरा हसली. गळवाले वाट बघण्याचं कौतुक सगळ्यांना सांगतात, पण त्यांना ती बघायची असते हातात काठी धरून.

गोटे

तीन उन्हाळे.

ट्रॅक्टर काठापर्यंत येत नाही, म्हणून गल्लीच्या टोकाला ढीग आणि तिथून हातगाडी. अक्रोडाएवढे, अंड्याएवढे, बटाट्याएवढे. मी चिप्सचं दुकान चालवतो, बटाट्याचा आकार मला विचारून ठरला. लोखंडी दाताळ्यानं तळ उकरला की काळा लोट उठायचा आणि चॅपलपर्यंत जायचा. पाठी मोडल्या. हेविनची हातगाडी दोनदा पाण्यात गेली, दुसऱ्यांदा हेविनसकट. आणि या सगळ्यात सर्वांत जास्त फेऱ्या कुणी मारल्या? मोर्लाईसनं. ज्याला हे पटलेलं नव्हतं त्यानं.

"मग कशाला ओढतोयस, मामा?"

"क्लबचं काम आहे. तुझं नाही."

ट्रक बंद झाल्यावर पहिल्या वसंतात कुणाच्या गळाला काही लागलं नाही. दुसऱ्या वसंतात कुणीतरी बूट काढला. सभासद कमी व्हायला लागले. या सप्टेंबरात सभा भरली आणि ठरलं: नोव्हेंबर संपायच्या आत त्या गोट्यांत एखाद्या तरी माशानं अंड्यांसाठी खळगा केलेला दिसला, तर तेग्वेनचं म्हणणं खरं. नाही दिसला, तर मोर्लाईसनं तळ्यावर फोन करायचा आणि गोट्यांचं प्रकरण मिटलं, पुन्हा काढायचं नाही.

तेग्वेननं हात वर करून ते मान्य केलं. खाली घेतल्यावर तो हात तिनं कोटाच्या खिशात घातला आणि सभा संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

झाड

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पूर ओसरत होता. पाणी चहाच्या रंगाचं. आणि गोट्यांच्या बरोबर वर, एका काठावरून नदीच्या मध्यापर्यंत, एक मोठं आल्डरचं झाड आडवं.

सगळा क्लब जमला. पडलेलं झाड बघून आमच्या हातांना काय होतं ते सांगता येत नाही. कुणाला भिंतीवर वाकडी तसबीर दिसली की होतं ना, तसं. दोर आला, करवत आली, मोर्लाईसची दांडा फिरवून दोर ओढायची विंच आली. तेग्वेन काठावर गुडघ्यांवर बसून पाण्यात बघत होती. त्या आठवड्यात शाळेत जायच्या आधी आणि नंतर ती रोज तिथेच असायची.

"दिसलं काही?" मी विचारलं.

"गढूळ आहे, इवॉर. दिसायचं असतं तर आतापर्यंत दिसलं असतं."

मोर्लाईस तिच्या मागे येऊन उभा राहिला. "पोरी, हे झाड असंच राहिलं तर पाणी समोरच्या काठाला मारेल. वाट जाईल वाहून."

"ओढलंत तर गोट्यांवरून घासत येईल."

"गोट्यांत आहे काय?"

हे त्यानं टोचून विचारलं नव्हतं. तेच वाईट होतं. ती उठली, गुडघ्यांवरचा चिखल झटकला.

"काढा," ती म्हणाली. "पण पाण्यात एकानंच उतरायचं. झाडाच्या कडेकडेनं, चिकणमातीवरून. दोर बांधायचा आणि त्याच वाटेनं परत."

"मी उतरतो," मोर्लाईस म्हणाला.

"तुझं वय बघ."

"या तळाला माझं वय ठाऊक आहे. तुम्हाला कुणाला तळ ठाऊक नाही."

छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून तो उतरला. मांडीपर्यंत पाणी. खोडाला एका हातानं धरून, आंधळ्यासारखं पाय टाकत मध्यापर्यंत गेला. दोर खोडाभोवती घेतला. गाठ मारली.

आणि थांबला.

पाय

"झालं का?" हेविननं विंचेच्या दांड्याला हात लावून विचारलं.

 मोर्लाईसनं एक हात वर केला, पोलीस गाड्या थांबवतो तसा.

"मोर्लाईस, छातीत दुखतंय का?"

"गप्प बस."

"हाताला मुंग्या येतायत का? डावा हात हलवून दाखव."

"हेविन, तू विंचेपासून लांब हो. सगळे लांब व्हा. तेग्वेन, इकडे ये." मग लगेच, "नको. येऊ नको. तिथेच थांब."

"काय झालं, मामा?"

"खणतेय."

"कोण?"

"सेविन. ही एवढी. माझ्या गुडघ्यापासून हातभर. आडवी होते, शेपटी आपटते, गोटे उडतात."

 सेविन म्हणजे आमचीच ट्राउट मासळी, पण समुद्रात जाऊन मोठी होणारी, अंडी घालायला गोड्या पाण्यात परतणारी. आमच्या आजोबांनी तिचं नाव त्यांच्या आजोबांकडून ऐकलं होतं. आम्ही ते नाव पबमध्ये वापरायचो, खोटं बोलताना.

तेग्वेन पोटावर झोपली, मान काठाबाहेर काढून. डोळ्यांवर पाण्याची चकाकी कापणारा चष्मा.

"मला काही दिसत नाहीये."

"तुझ्याकडून खोडाची सावली पडते."

"मामा, मला बरं वाटावं म्हणून बोलत असशील तर नको बोलूस."

"तुला बरं वाटावं म्हणून मी या पाण्यात उभा राहीन? माझ्या बुटाला भोक आहे."

हे इथेच लिहून ठेवतो, कारण नंतर गावात वेगळं सांगतात. काठावरून कुणालाही काही दिसत नव्हतं. तो नुसता वळून परत आला असता तरी पुरे होतं. हेविननं दांडा फिरवला असता, झाड गोट्यांवरून घासत आलं असतं, आणि मार्चात ट्रक आला असता. मोर्लाईसच्या जन्मभराच्या म्हणण्याप्रमाणे सगळं झालं असतं. त्याला ते कळत होतं. आम्हालाही कळत होतं.

"आता तू परत कसा येणार?" मी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. 

"मागे एक पांढरा पट्टा आहे," तो म्हणाला. "धुतल्यासारखा. पुढे ही खणतेय. मागचा तिनं काल-परवा खणलेला असणार." मग हळू आवाजात, "येताना मी त्यावर पाय दिला का, तेग्वेन?"

त्याच्या आवाजात तसं काही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. खाण बंद झाली त्या दिवशीसुद्धा नाही.

"खोडाला खेटून आलास ना?"

"कंबर घासत आलो."

"पट्टा खोडापासून किती लांब आहे?"

"हातभर. दीड हात."

"मग नाही दिलास. पण आता वळताना देशील. हलू नकोस."

शिडी

हेविन घरांच्या खिडक्या धुतो. त्याच्या गाडीवर कायम शिडी असते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या धंद्याचा क्लबला उपयोग झाला आणि तो हे मरेपर्यंत सांगणार आहे.

शिडी काठावरून खोडावर टाकली. आम्ही चौघं या टोकावर बसलो. मोर्लाईसनं आधी एक पाय पाण्यातून सरळ वर उचलला, बगळा उचलतो तसा, आडवा नाही, मग खोडावर पोट टाकलं, मग दुसरा पाय. बुटातून पाणी धो धो ओतलं.

"हळू. तिच्यावर ओतू नकोस," तेग्वेन म्हणाली.

"ती पाण्यातच राहते, पोरी."

तो शिडीवरून रांगत आला. पांढऱ्या मिशा, मोठा देह, चारी हातापायांवर, पायरी पायरीनं. हसू यायला हवं होतं. आम्ही तोंडं घट्ट मिटून शिडी दाबून बसलो होतो.

"कुणी फोटो काढला तर क्लबातून काढीन," तो रांगत रांगत म्हणाला.

काठाला लागल्यावर त्यानं बूटही काढले नाहीत. तेग्वेनचा दंड धरला, तिला तिच्या जागेवरून तीन पावलं वर नेलं, वाकवलं आणि तिच्या खांद्यावरून बोट दाखवलं.

"खोडाची दुबेळकी फांदी. तिच्या खाली. आता बघ."

ती बघत राहिली. मग तिचा खांदा त्याच्या हाताखाली एकदम ताठ झाला. पाण्यात चांदीचा एक पत्रा उलटला, पुन्हा उलटला, आणि चहाच्या रंगाच्या पाण्यात आमचे गोटे, अक्रोडाएवढे, अंड्याएवढे, खळखळ हलले. सेविनच्या मागे एक काळपट, छोटा नर, अंतर ठेवून.

"झाडाच्या आडोशाला आलीय," तेग्वेन म्हणाली. "झाड पडलं म्हणून."

मोर्लाईस त्या झाडाकडे बघत होता. अशी झाडं त्यानं किती ओढून काढली असतील ते तो मोजत असावा, असं मला वाटलं. 

काम

कामाचा रविवार होता. करवत होती, दोर होते, विंच होती, सगळा क्लब होता. आम्ही काहीही केलं नाही. ओल्या गवतावर एका ओळीत बसलो आणि किसमिस घातलेल्या पोळ्या खाल्ल्या, ज्या मोर्लाईसच्या बहिणीनं काम करणाऱ्यांसाठी भाजून पाठवल्या होत्या. वाटेनं एक बाई कुत्रा घेऊन आली. मोर्लाईसनं टोपी काढली, ओल्या पँटमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आज कुत्र्याला पट्टा लावाल का? आमच्याकडे बाळंतीण आहे."

तिला वाटलं कुणाच्या घरी. तिनं अभिनंदन केलं. त्यानं ते स्वीकारलं.

फोन

फोन त्यानं तिथूनच केला. दातावर दात आपटत होते, पण घरी जायला तयार नव्हता. तळ्यावरचा माणूस त्याला ओळखतो, इतक्या वर्षांचा व्यवहार, आणि सप्टेंबरात काय ठरलं ते त्याच्या कानावर होतं. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं.

"मोर्लाईस बोलतोय, गार्वनवरून. हो. नाही, त्यासाठीच केला. यंदाही मासे नकोत."

थोडं थांबून: "नाही नाही, दुसऱ्या कुणाकडून नाही घेत."

मग: "आहेत आमच्याकडे."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. मोर्लाईसनं फोन कानावरून जरा बाजूला केला आणि तेग्वेनकडे बघितलं.

"किती आहेत विचारतोय."

तेग्वेनचे डोळे पाण्यावरून हलले नाहीत. "दोन सांग."

"दोन," मोर्लाईसनं फोनमध्ये सांगितलं, अशा आवाजात की चॅपलच्या भिंतीपर्यंत जावा. मग ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हसून घे. येऊन बघ आणि मग हस. लांबून बघायचं मात्र, माझ्या भाचीची परवानगी लागते."