‘दुधना’चं पोट

सेलूच्या स्टेशन रोडवर नागेशचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, पुढाऱ्यांच्या स्वागताचे फलक दिवसभर तिथल्या मशीनमधून बाहेर पडायचे. दुपारी गिऱ्हाईक पांगलं, की त्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक अंतराळयान उघडायचं. ते यान नागेशच्या डोक्यातलं आणि त्याची धाकटी बहीण धम्मशीला हिच्या हातातलं. नागेशला थ्रीडीचं सॉफ्टवेअर कधी जमलं नाही, आणि ते शिकायचा हट्टही त्यानं धरला नाही. तो खुर्ची उलटी फिरवून बसायचा, हनुवटी खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा आणि बोलत राहायचा. धम्मशीला ऐकता ऐकता माऊस चालवायची.

“धम्मा, ह्या यानात लोक जन्मणार हायेत, मरणार हायेत. पोचतील ते त्यांचे नातू-पणतू. मंग त्यांना धुणं वाळत घालायला जागा नको का?”

“अंतराळात धुणं कोण वाळत घालतंय दादा?”

“माणसं जिथं जातील तिथं धुणं बी जाईल.”

मग धम्मशीला यानाच्या एका अंगाला, काचेच्या आड, लांबलचक गच्ची काढायची. रांगत्या लेकराला बाहेरचं दिसलं पाहिजे म्हणून त्यानं सगळ्या खिडक्या खाली आणायला लावल्या. तोफा त्याला कुठंच नको होत्या. नाव त्यानं गावाजवळच्या नदीचं दिलं: दुधना.

यानाच्या मधोमध एक मोठा फुगीर भाग होता. दोघं त्याला पोट म्हणायची. त्या पोटात काय आहे ते मात्र नागेश सांगत नव्हता.

“मला ते दिसायलंय,” तो म्हणायचा. “पण बोलायला गेलं की निसटतंय. तू आधी बाहेरचं पुरं कर, मंग सांगतो.”

बाहेरचं काम वेळखाऊ होतं. पत्र्याची प्रत्येक कड किंचित गोल केली नाही, तर यान पुठ्ठ्याचं दिसतं. कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटली, की ते जड, खरं वाटायला लागतं. धम्मशीला एकेक सांधा घेऊन बसायची, पत्र्यांवर ओरखडे पाडायची, इंजिनाजवळ काजळी धरवायची. तिनं इंटरनेटवर टाकलेली चित्रं पुण्यातल्या ॲनिमेशन करणाऱ्या काही मंडळींनी पाहिली. ते एक छोटी फिल्म करत होते. हे यान आम्हाला द्या, आतल्या भागासकट पूर्ण करून द्या, असं त्यांनी कळवलं. बहीणभावांनी करारावर सह्या करून होकार दिला. त्या दिवशी नागेशनं दुकान लवकर बंद केलं, आणि घरी जाताना म्हणाला, “आता पोटाचं बघावंच लागंल.”

ते बघणं राहून गेलं. एका सकाळी फ्लेक्सचा रोल मशीनवर चढवताना त्याचा उजवा हात सुटला. रोल पायावर पडला तरी तो ओरडला नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्यानं अजून चाळिशीही गाठली नव्हती.

परभणीच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. कितीतरी दिवसांनी तोंडातून पहिला शब्द फुटला तो “बुधवार.” खाटेशी बसलेल्या आईला, सगुणाबाईला, हुंदका आवरेना, लेक बोलला म्हणून ती वॉर्डभर सांगत सुटली. पण नंतर पाणी हवं असलं तरी बुधवार, बायको दिसली तरी बुधवार. आवाजात राग असायचा, विनवणी असायची, कधी थट्टाही असायची. शब्द तेवढा एकच. समजतं त्याला बरंचसं, डॉक्टर म्हणाले, पण बाहेर येताना शब्द हरवतात. वेळ लागेल. किती लागेल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

घरी आणल्यावर धम्मशीलानं लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला. यान पडद्यावर फिरू लागलं तसे नागेशचे डोळे चमकले. डावं बोट उचलून त्यानं बरोबर पोटावर टेकवलं.

“बुधवार,” तो म्हणाला. मग जोर लावून पुन्हा, “बुधवार.”

“पोटात काय हाय ते सांगायलास का दादा?”

त्यानं मान हलवली. हो.

तिच्या अंगात बळ आलं. ती एकेक विचारत गेली. शाळा हाय का तिथं? शेत हाय? दवाखाना? शेतावर त्यानं मान हलवली. तिनं पोटात गोल फिरणारं शेत उभं केलं. पाट कुठून काढू, विचारलं. इकडून? मान हलली. शेताच्या कडेला पार बांधू? हलली. झाड वडाचं का लिंबाचं? लिंबाचं म्हणताना मान हलली, म्हणून तिनं कडुलिंब लावला, त्याच्या पानापानावर उजेड बसवला. दुकान आता तीच सांभाळत होती, आणि दोन फलकांच्या मधे वेळ मिळेल तसं पोट भरत होती. रोज संध्याकाळी नवीन केलेलं दाखवायची. नागेश मान हलवायचा. दादा आणि मी पुन्हा काम करायलोत, असं तिनं दुकानातल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं.

एका दुपारी नागेशची बायको राजेश्री तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

“धम्मा, तुला एक सांगू का? राग नको मानू.”

“सांगा की वहिनी.”

“परवा मी यांना इचारलं, भात वाढू का. मान हलवली. वाढला तर ताट सरकवून दिलं. काल इचारलं, पंखा बंद करू? मान हलवली. केला तर कावले. मी डॉक्टरला फोन केला. ते म्हणले, अशा दुखण्यात हो अन् न्हाई बी उलटंपालटं होतं. मनात न्हाई असलं तरी मान हलती.”

धम्मशीला बाहेर आली. ती खाटेजवळ बसली. नागेश तिच्याकडे बघत होता.

“दादा, तुझं नाव बन्सीधर हाय का?”

त्यानं मान हलवली. हो.

“नागेश हाय का?”

तीच मान, तशीच हलली.

आपण काय विचारतोय ते त्याला कळलं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याच्या ओठांची हालचाल झाली, शब्द आला नाही. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण आता विचारून झालं होतं.

त्या शेतातलं, त्या लिंबातलं त्याचं काय होतं आणि तिनं स्वतःच काय त्याच्या तोंडी घातलं होतं, हे सांगायला कुणी नव्हतं. तिनं दुसरी युक्ती करून पाहिली. दोन चित्रं छापून आणली, एकात शेत, एकात रिकामं पोट. पाहिजे त्यावर हात ठेव, म्हणाली. नागेशनं बराच वेळ दोन्ही पाहिली, आणि चित्रं सोडून तिच्याच मनगटावर हात ठेवला.

“बुधवार,” तो हळूच म्हणाला.

पुण्याहून फोन येत होते. तिथला योगीराज नावाचा मुलगा बोलायला सभ्य होता. “ताई, दादांच्या तब्येतीचं ऐकून वाईट वाटलं. पण आमचं काम अडलंय. आतलं ठरत नसेल तर तो भाग रिकामा पाठवा. आम्ही आमच्या परीनं करून घेऊ.”

जे भावाचं आहे की नाही हे माहीत नाही, ते त्याच्या नावानं द्यायला तिचा हात धजेना. तिनं शेत काढून टाकलं आणि पोट रिकामं पाठवलं.

काही दिवसांनी फिल्मची पहिली चित्रं आली. यान सुरेख दिसत होतं. तिनं गोल केलेल्या कडांवर उजेड अगदी हवा तसा पडला होता. पण पोट उघडलं होतं आणि त्यातून तोफांच्या रांगा बाहेर आल्या होत्या. धुणं वाळत घालायच्या गच्चीवर लढाऊ विमानं उभी होती. तिनं योगीराजला फोन लावला.

“ताई, गोष्टीत लढाई आहे ना,” तो म्हणाला. “आणि मॉडेल आता आमच्याकडे आलंय. करारात बदल करायची मुभा आहे. तुमचं दोघांचं नाव मात्र मोठं टाकणार आहोत.”

त्याचं काही चुकत नव्हतं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

चित्रं दादाला दाखवायची नाहीत, असं तिनं ठरवलं होतं. पण सगुणाबाईला काय ठाऊक? लेकरांचं यान फिल्ममधे आलं म्हणून तिनं धम्मशीलाचा घरी राहिलेला मोबाइल कौतुकानं त्याच्यासमोर धरला. धम्मशीला दुकानातून आली तेव्हा नागेश ते चित्र बघत होता. रडत नव्हता, चिडलाही नव्हता.

“दादा, मी न्हाई केलं ते,” ती म्हणाली. “मला थांबवता आलं न्हाई.”

त्यानं मान हलवली. त्या हलण्यातून तिला काहीच घेता येईना.

मग त्यानं डाव्या हातानं लॅपटॉपकडे खूण केली. तिनं आपल्याजवळचं यान उघडलं, रिकाम्या पोटाचं. आजवर ज्याला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं तो माऊस त्यानं मुठीत धरला. कसा धरायचा, कुठं दाबायचं, ते तिनं दाखवलं. पोटावरचा एक बिंदू त्यानं पकडला आणि ओढला. पत्रा लांब ताणला गेला. दुसरा ओढला, तो आत घुसला. महिनोन्महिने घोटलेल्या कडा चुरगळत चालल्या. हात थरथरत होता. कुठलं ओढणं त्याच्या मनातलं आणि कुठलं थरथरण्याचं, हे ओळखू येत नव्हतं. केलेलं मागं घ्यायचं बटण तिच्या करंगळीखाली होतं. तिनं बोट बाजूला घेतलं.

राजेश्री चहा घेऊन दारात येऊन थांबली. “काय बनवायलेत?” तिनं विचारलं.

“म्हाईत न्हाई वहिनी.”

नागेशनं वर पाहिलं नाही. तो पुढचा बिंदू शोधत होता. दुकानाच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तो वाजून बंद झाला. धम्मशीलानं त्याच्या पाठीमागे उशी सरकवली आणि शेजारी बसून राहिली.