बोटात अडकलेलं मीठ

मी एक जुनी अंगठी आहे. त्याआधी मी दात होते. हसू नका मित्रांनो, सोन्याची बरीच स्थळं असतात, त्यातलं मला हे मिळालं.

ब्राझीलमधल्या मिनासच्या डोंगरात आमचं गाव. तिथल्या पेत्रोनिला आजींच्या पुढच्या दातांत आम्ही दोघी शेजारी शेजारी होतो. आजी भारी हसऱ्या. त्या हसल्या की आम्ही चमकायचो. जायची वेळ आली तेव्हा त्यांनी नातवाला, ओनोफ्रेला, जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, “मला पुरायच्या आधी हे दोन काढून घे रे बाबा. देवाघरी चावायला काही नसतं म्हणतात. त्यापेक्षा तुझं लग्न तरी होऊन जाईल.”

सोनाराने आम्हाला वितळवलं, त्यात पदरचं थोडं सोनं घातलं आणि दोन अंगठ्या केल्या. थोरली ओनोफ्रेच्या बोटात गेली आणि मी त्याच्या नवरीच्या, झुल्मिराच्या. दोघं हातात हात घालून चर्चला निघाले की आम्ही जुन्या शेजारणी एकमेकींना टक्कन लागायचो. तेवढीच भेट, पण रोजची होती.

झुल्मिराचा हात म्हणजे कामाचा हात. कोंबड्यांचं दाणापाणी, चुलीची राख, पिठाचा गोळा, साबणाचं पाणी, सगळ्यात मी होते. पण माझा खरा दोस्त मीठच. दात होते तेव्हापासूनची आमची ओळख. आमच्याकडे डुकराचं मांस खारवून टांगतात, चीज खारट, सॉसेज त्याहून खारट. समुद्र लांब असल्याने मासाही येतो तो मिठात घातलेला, फळीसारखा कडक.

बोटात बसल्यावर मला एक गंमत कळली. गावात जत्रा झाली, झुल्मिराने सॉसेजवर ताव मारला, की दुसऱ्या दिवशी सकाळी मी घट्ट. साधं गोल फिरता यायचं नाही. दोन दिवस घरची भातभाजी खाल्ली की पुन्हा सैल. चाळीस वर्षं मी हा खेळ बघितला. कोणी विचारलंच नाही, नाहीतर मी सांगितलं असतं!

झुल्मिराला वाटायचं, आपण जाड झालो. मग ती तावातावाने फार्मसीत जायची. आमच्याकडे फार्मसीच्या दाराशी मोठा वजनकाटा असतो, कोणीही जावं आणि चढावं. झुल्मिरा आधी चपला काढायची, मग कानातले, मग दातांची कवळी काढून रुमालात गुंडाळायची. मी तेवढी राहायचे. काटा परवापेक्षा दोन किलो जास्त दाखवायचा.

“अबीलिओ!” ती फार्मसीवाल्यावर कडाडायची. कवळी नसल्यामुळे ते ‘अबीबिओ’ असं ऐकू यायचं. “तुझा काटा बिघडलाय!”

“काल काय जेवलात, झुल्मिराबाई?”

“चिमणीएवढं.”

“आणि त्या चिमणीनं काय काय खाल्लं?”

झुल्मिरा जरा घुटमळायची. “दोन सॉसेज. खाऱ्या डुकराचा एक तुकडा. चीज तर सगळेच खातात.”

“मग ही चरबी नव्हे, पाणी आहे. दोन किलो चरबी एका दिवसात डुकराला चढत नाही, तुम्हाला कुठून चढेल? मीठ अंगात गेलं की पाणी धरून ठेवतं. दोन-तीन दिवस मीठ कमी करा, पाणी नीट प्या, उतरेल. नाहीच उतरलं किंवा पाय सुजायला लागले, तर मात्र डॉक्टरकडे जा. प्रत्येक सूज मिठाचीच असते असं नाही.”

“पाणी पिऊन पाणी उतरतं होय? लहानपणीसुद्धा तू असाच थापा मारायचास!”

ती घरी येऊन रागाने पाव सोडायची, साखर सोडायची. मीठ मात्र नाही. अबीलिओ थापा मारत नव्हता, मित्रांनो. खाल्ल्या मिठाला माणूस जागो न जागो, पाणी हटकून जागतं. मीठ जिथे थांबेल तिथे तेही बापडं थांबून राहतं.

मग ओनोफ्रे गेला. माझी शेजारीण त्याच्या बोटातून निघून कापूस घातलेल्या डबीत जाऊन पडली. झुल्मिरा डबी कपाटात ठेवायची आणि विचारात असली की अंगठ्याने मला गोल फिरवत बसायची. मला फार एकटं वाटायचं. टक्कन लागायला कोणी उरलं नव्हतं.

अशी वर्षं गेली आणि एके दिवशी झुल्मिराचा नातू वांदरले, तिनेच वाढवलेला, एका मुलीला घेऊन घरी आला. तिचं नाव जोसिलेनी. ती शहरात चपलांच्या दुकानात कामाला होती. हसली की पेत्रोनिला आजींची आठवण यावी अशी. झुल्मिराला ती फार आवडली, पण आवडलेल्या माणसाला तसं सांगायची तिला सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, “ईस्टरच्या रविवारी साखरपुड्याचं जेवण करू. माझी अंगठी हिला, आजोबांची तुला.”

मित्रांनो, मी आनंदाने वेडी व्हायची तेवढी बाकी राहिले. आमच्याकडे साखरपुड्याला अंगठी उजव्या हातात घालतात आणि लग्नात डाव्या हातात नेतात. म्हणजे दोन्ही हात मला बघायला मिळणार होते आणि माझी शेजारीण डबीतून बाहेर येणार होती!

पण रविवारच्या आधी शुक्रवार येतो. गुड फ्रायडेला मांस खात नाहीत, खारवलेला मासा करतात. जोसिलेनी म्हणाली, “आजी, मासा मी करते.” पोरीने आदल्या दिवशीच तो खारटपणा उतरायला भिजत घातला. किती वेळा पाणी बदललं, कोण जाणे. मग बटाटे, कांदे, ऑलिव्हचं तेल घालून पातेलं चुलीवर चढवलं आणि ती कोथिंबीर खुडायला परसात गेली.

तेवढ्यात झुल्मिरा आत शिरली. तिने झाकण उघडलं, रस्सा चाखला आणि नाक मुरडलं. “अळणी! धुऊन धुऊन माशाचा जीव काढला पोरीनं.” आणि तिचा हात, म्हणजे मी ज्यावर बसले होते तोच हात, मिठाच्या बरणीत गेला. चांगलं मूठभर घातलं. माझ्या पोटाशी खडे चिकटले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुपारी सगळे जेवायला बसले. झुल्मिराची नणंद एर्सीलिया मुद्दाम पलीकडच्या गल्लीतून आली होती. पहिला घास झाला आणि सगळ्यांचे हात पाण्याकडे गेले. वांदरलेने पाण्याचा जग तोंडालाच लावला. एर्सीलिया डोळे पुसत म्हणाली, “असा मासा आमच्या घरात आजवर झाला नव्हता.” ते अगदी खरं होतं. झुल्मिराला चूक कळली, पण कबूल कोण करणार? ती म्हणाली, “फक्कड झालाय!” आणि अपराध्यासारखं पुन्हा वाढून घेतलं. जोसिलेनीही खाली मान घालून मुकाट्याने सगळं ताट संपवून उठली.

शनिवारी सकाळी मी बोटात रुतून बसले होते. झुल्मिराने ओढून पाहिलं, पिळून पाहिलं. साबण लावला, तेल लावलं, डुकराची चरबी लावली, बोटाला दोरा गुंडाळला. मी जागची हलले नाही. खरं सांगते, माझ्याकडून कसलीच आडकाठी नव्हती, मलाच तर जायचं होतं! फार्मसीत जाऊन आली तर काटा अडीच किलोने वर. त्या दिवशी तिने अबीलिओला काही विचारलं नाही. काल काय जेवलात, एवढंच तो विचारणार आणि तेच तर तिला सांगायचं नव्हतं.

रविवार उजाडला. वांदरलेने डबी उघडून टेबलावर ठेवली. कापसावर माझी शेजारीण दिसली आणि माझ्या सोन्याचं पाणी पाणी झालं. झुल्मिराने हात टेबलाखाली लपवला.

“आजी, दे ना अंगठी,” वांदरले म्हणाला.

“नंतर बघू. आधी जेवा.”

“कालपासून बघतोय, हात लपवतेस. हो म्हणालीस ना तूच?”

“निघत नाहीये रे.”

“चाळीस वर्षं फिरवत बसायचीस, आणि आजच निघत नाही?”

एर्सीलिया हळूच म्हणाली, “वहिनी, मन मोठं करा.”

“मन मोठंच आहे वन्सं, बोट मोठं झालंय!”

वांदरलेचा चेहरा लाल झाला. तो उठला आणि मागच्या खोलीतून पत्रा कापायची कात्री घेऊन आला. “कापून काढू. सोनार जोडून देईल.” मित्रांनो, मी दात होते, वितळले, ठोकली गेले, पण इतकी कधी घाबरले नव्हते.

“ठेव ती कात्री,” जोसिलेनी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आजींना मनातून मी नको असेन, तर कापून काय मिळणार? मला दुपारची बस आहे.” आणि ती पिशवी भरायला उठली.

झुल्मिराचा अंगठा मला फिरवायला आला. मी फिरले नाही. एकीकडे तिची लाज होती आणि दुसरीकडे ही पोर उंबऱ्याकडे चालली होती. जोसिलेनीने दाराची कडी काढली मात्र, झुल्मिरा एवढ्या मोठ्याने ओरडली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. “थांब गं बये! मीठ मी घातलं! शुक्रवारी तुझ्या माशात मूठभर मीठ मी घातलं. त्यानंच सुजलेय. तू मला हवी आहेस गं, म्हणून तर दोनदा वाढून घेतलं!”

मग एर्सीलिया खोकली.

“वहिनी… तुम्ही घातलंत? मीही घातलं.”

“वन्सं!”

“एकच चिमूट. बरं, दोन. बरं बाई, मूठच!”

वांदरलेने कात्री अलगद खाली ठेवली. “मी नुसतं झाकण उघडलं होतं.”

“आणि?” दोन्ही म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या.

“आणि… चाखलं नव्हतं मी. नुसतंच टाकलं.”

जोसिलेनी दारातच खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता रडली आणि पुन्हा हसली. “मला वाटलं, तुमच्या घरी असंच खातात! सगळे वा वा करत होते. मी मनात म्हटलं, या घरात नांदायचं तर परसात विहीर खणून घ्यावी लागणार!” मग तिने पाय पुढे केले. पायात रबरी चपला होत्या. “मी चपला विकते, आजी. आज माझेच बूट माझ्या पायात जाईनात. आणि हे बघा.” तिने हात पसरला. बोटं सॉसेजसारखी टम्म. मी निघाले असते तरी तिच्या बोटात गेले नसते. माझ्यावर एवढा आळ आला तो फुकटच.

साखरपुडा पुढच्या रविवारवर गेला. जोसिलेनीने दुकानात फोन करून सुट्टी मागितली. झुल्मिराने मिठाची बरणी कपाटावर चढवली आणि एर्सीलियाने खुर्ची लपवली. मग लसूण-लिंबाचा भात, खारं मांस न घालता शिजवलेल्या घेवड्याच्या बिया, उकडलेला दुधी आणि भरपूर पाणी. दिवसभर संडासापुढे रांग. “अबीलिओ खरं बोलत होता म्हणायचा,” झुल्मिरा रांगेतून कुरकुरली, “पण त्याला सांगू नका.”

बुधवारी ती चीजच्या पावाचं पीठ मळत होती आणि मी आपसूक सुटून पिठात गेले. तिला पत्ताच नाही! जोसिलेनी गोळे वळत होती म्हणून वाचले, नाहीतर भट्टीत भाजून निघाले असते. तिने मला पुसलं आणि झुल्मिराच्या हातात ठेवलं. झुल्मिराने मला एकदा स्वतःच्या बोटाजवळ नेलं. मग रविवारची वाट न बघता, पिठाच्या हातांनीच, पोरीच्या उजव्या हाताच्या बोटात घातलं आणि तिचा मुका घेतला. संध्याकाळी वांदरलेनेही डबीतली अंगठी घातली आणि तिचा हात धरला, तेव्हा मी माझ्या शेजारणीला टक्कन लागले.

मित्रांनो, मी म्हातारी अंगठी, दुसरं काय मागणार? वजनकाट्यावर चिडायच्या आधी कालचं ताट आठवा. दुसऱ्याच्या पातेल्यात मूठ रिकामी करायच्या आधी विचारा. आणि कोणी आवडत असेल तर तोंडाने सांगा.

आता मी जोसिलेनीच्या डाव्या हातात आहे. यंदाच्या गुड फ्रायडेला ती परसातून कोथिंबीर घेऊन आली, तर झुल्मिरा चुलीपाशी उभी. झाकण उघडं, हात बरणीच्या तोंडाशी. आम्ही दारातच थांबलो. झुल्मिराचा अंगठा सवयीने मला फिरवायला गेला, बोटावरच्या रिकाम्या जागेला लागला आणि तिथेच राहिला. तिने बरणी बंद केली.

“अळणी झालं असलं तर गं?” ती मागे न बघताच म्हणाली.

“लिंबू आहे, आजी.”

मासा खरंच थोडा अळणी झाला होता. झुल्मिराने दोनदा मागून घेतला.