अकरा इस्त्र्यांची खोली

शिवणखान्याच्या बंद दाराबाहेर वीस-पंचवीस बाया हात जोडून उभ्या होत्या आणि आतून माझी धाकटी बहीण दार ठोकत होती. दाराला खुर्ची लावून भुतं उतरवणारे एक बाबा बसले होते. "कोणी उघडायचं नाही. ठोकतेय ती ही पोर नव्हे, हिच्या अंगातलं भूत."

महिनाभर रोज दुपारी तीनला तिथे कोणी ना कोणी चक्कर येऊन पडत होतं. म्हणून मालकाने या बाबांना आणलं. गेल्या आठवड्यात बाबांनी सगळ्यांना तासभर अंगणात बसवलं, इस्त्र्या बंद करवल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि मंत्र पुटपुटले. बाया परतल्या तर खोली गार. झाला चमत्कार. आज बहीण पडली, तेव्हा निकाल लागला: भूत हिच्यात शिरलंय, खिडक्या लावा, इस्त्र्या तापत्या ठेवा, चटक्याने निघेल.

मला हे फाटकातच कळलं आणि मी आत धावले. त्या इमारतीचा नकाशा मीच काढला होता.

"आत इस्त्र्या किती?" मी मालकाला विचारलं.

"अकरा."

"मी चार लिहिल्या होत्या. आणि वरचे झरोके?"

"धूळ येते म्हणून पत्रा ठोकला."

तेवढ्यात दारावरचं ठोकणं थांबलं. इतकी मी कधीच भ्यायले नव्हते.

"मावशी, मेन स्विच पाडा," मी मुकादमबाईंना म्हटलं.

"भूत तुझ्यावर येईल," बाबा म्हणाले.

"येऊ दे. उठा आधी."

मावशी थबकल्या, मग गेल्या. मी खुर्चीसकट बाबांना सरकवलं आणि कडी काढली.

बहीण उंबऱ्याशीच पडली होती, अंग तव्यासारखं. सावलीत आणून आम्ही तिला ओल्या फडक्यांनी पुसत राहिलो. पत्रा उचकटला आणि तासाभरात खोली गार झाली, मंत्राशिवाय. बाबा तोवर पसार.

नुसत्या वाऱ्यावर गार राहणाऱ्या खोलीची ताकद ठरलेली असते. खालून गार हवा येते, वरून तापलेली जाते. ही खोली चार इस्त्र्यांची. तिथे अकरा लावल्या, झरोके बुजवले, त्यात तीनचं पश्चिमेचं ऊन, माणूस पडणारच. मर्यादा कागदावर लिहून मी पुन्हा फिरकले नाही, हा दोष माझा.

बाकी सगळ्यांना एवढंच सांगणं: भुताचं मागाहून बघा, आधी आतल्या माणसाला काय होतंय ते विचारा. संध्याकाळी डोळे उघडल्यावर बहीण म्हणाली, "ताई, मीच होते गं. दार मीच ठोकत होते."