शेवटची पोच

“आणि शेवटच्याचं काय, सर?” टेस्टर बाईंनी विचारलं.

टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्याच टाळ्या, आणि या बाईंनी त्यात मिठाचा खडा टाकला.

माझं काम सांगायला सोपं आहे. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आम्ही वीस-पंचवीस लहान कॉम्प्युटर भासवतो. ते बाहेर निरोप धाडत असतात, पाकिटामागून पाकीट. प्रत्येक पाकीट बाहेर पडलं की नेटवर्क कार्ड प्रोसेसरचा खांदा हलवून सांगतं, ‘गेलं हो!’ सेकंदाला हजारो वेळा. तो बिचारा हातातलं काम टाकून ‘बरं’ म्हणतो आणि त्या पाकिटाने अडवलेली जागा मोकळी करतो. मी ही कटकटच बंद केली होती. आता प्रोसेसरने कार्डाला बजावायचं, दर वेळी सांगू नकोस. पुढचं पाकीट पाठवायला येईन, तेव्हा आधीची कुठली गेली ते एकदम बघून घेईन.

“शेवटच्याच्या पुढे काही नसतं ना,” बाई म्हणाल्या. “मग त्याची चौकशी कोण करणार?”

“बाई, नेटवर्क आहे हे. पुढचं जातंच.”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

खरं तर ही युक्ती मी घरी आधी वापरली होती. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेल्यावर मीच त्यांना सांगितलं होतं, वाचनालयातून घरी पोचलात की फोन करत जा. तेव्हापासून रोज पाच-सव्वापाचला माझा फोन वाजायचा. “पोचलो.” एवढंच. मी “बरं” म्हणायचो. पाचच्या सुमारास आमची बैठक असते. फोन थरथरला की साहेब बोलायचे थांबत आणि माझ्याकडे बघत.

एका रविवारी मी म्हणालो, “बाबा, रोज नका फोन करू. मी करेन तेव्हा सगळं एकदम सांगा.”

“म्हणजे पोच नको?”

“हवी. पण साठवून.”

“थैलीत भरून एकगठ्ठा. कळलं.” माझ्या साहेबांना जे समजवायला तीन बैठका लागल्या, ते म्हाताऱ्याला एका वाक्यात कळलं. मला गंमत वाटली होती.

बायकोला नाही वाटली. “तुला काही पोचच नाही,” ती म्हणाली.

बाबा मात्र हसले होते. “अगं, ती पोच पोस्टात मिळते. तो पोच घरून यावा लागतो. म्हणजे चूक माझीच.”

सुरुवातीला मी रोज फोन केला. मग दिवसाआड. मग रविवारी. मग माझं हे काम गिऱ्हाइकांकडे जायची तारीख ठरली आणि एक रविवार हुकला.

टाळ्यांच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, टेस्टर बाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूस नव्हता. “सर, जरा बघता? मी या मशीनवरून काल सकाळी एकच पाकीट पाठवलं. नंतर काही पाठवलं नाही. पाकीट तर गेलं, पण कोणी बघायलाच आलं नाही. जागा अडकली, प्रोग्रॅम कालपासून नुसता वाट बघत उभा आहे.”

पडद्यावर काहीच हलत नव्हतं. चूक नाही, तक्रार नाही. मी ते बघत राहिलो आणि हुकलेला रविवार आठवला. मी खिशातला फोन काढला.

बाबांनी उचलला नाही. चार वेळा केला. मग शेजारच्या काकूंना केला. त्या म्हणाल्या, “अरे, ते तुझ्याकडे नाहीत? तीन दिवस दार बंद आहे. आम्हाला वाटलं, तुझ्याकडेच गेले.”

ते दारामागच्या खुर्चीत होते. पायात बूट, खांद्याला पिशवी. डॉक्टर म्हणाले, मंगळवार असावा. तेव्हा मी टाळ्यांसाठी भाषण पाठ करत होतो.

टेलिफोनशेजारी वही होती. पोस्टातलं वळणदार अक्षर, तारीख, वेळ, आणि समोर ‘पोचलो’. मला फोनवर सांगून झालेल्या नोंदींपुढे लाल खूण. शेवटच्या नऊ नोंदींना खूण नव्हती. मंगळवारची नोंद अशी होती: ‘५.१०. पोचलो. छातीत भरून येते आहे. मुलाचा फोन आला की सांगणे.’

टेलिफोन वहीपासून वीतभर अंतरावर होता. नंबर दाबायला किती वेळ लागतो? पण वरून हुकूम आला होता, आणि बाबांनी उभ्या आयुष्यात हुकूम मोडला नव्हता.

दोन आठवड्यांनी कामावर गेलो. दुरुस्ती चार ओळींची होती. पुढचं पाकीट येवो न येवो, ठरावीक वेळाने जाऊन बघायचं. लिहायला अकरा मिनिटं लागली. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नशीब, गिऱ्हाइकाकडे जायच्या आत सापडलं. कोणाचं काही नुकसान झालं नाही.” टेस्टर बाई खाली मान घालून आपल्या टेबलाकडे निघून गेल्या. तेवढा पोच त्या खोलीत त्यांच्या एकट्यांकडेच होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारातून मी बायकोला फोन केला.

“पोचलो.”

ती घाबरली. “काय झालं?”

“काही नाही. पोचलो, एवढंच.”

मग ती म्हणाली, “बरं.”

मी फोन ठेवला आणि आत गेलो.