सासूबाई बसल्या की काटा चढतो

चष्मेवाल्याची गाडी जुनी होती, पण तिच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं त्याला खपत नसे. बायकोने एकदा जेवताना तिला डबडं म्हटलं, तर पठ्ठ्याने त्या जेवणात तोंड उघडलं ते फक्त घास घालायला. अशा या लाडक्या गाडीचा इंजिनाच्या तापमानाचा काटा एका रविवारी सरळ लाल रेघेला जाऊन टेकला. त्याने गाडी रस्त्याकडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि आता वाफेचा लोट अंगावर येणार म्हणून मागे सरला. वाफ नाही, वास नाही, काही नाही. पाणी काठोकाठ. इंजिन आपलं खुशाल गुरगुरतंय. पुढच्या सीटवर सासूबाई पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या आणि मागच्या सीटवरून बायको विचारत होती, "अहो, आता काय झालं?"

सासूबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरणारे. जन्मभर शिलाई मशीन चालवून लोकांचे कपडे शिवले, आता जिना उतरायचा म्हणजे देव आठवत. गेल्या थंडीत जिन्यावर पाय घसरला आणि शेजारीण कामावरून परत येईपर्यंत बाई तिथेच पायरीवर बसून राहिल्या, कुणाला हाक म्हणून मारली नाही. तेव्हापासून आमच्याकडे राहायला या म्हणून नवरा-बायको दोघं त्यांच्या मागे लागली होती. चष्मेवाल्याचं घर तळमजल्यावर, मागची खोली रिकामी. बऱ्याच नाही-होयनंतर सासूबाई एकदाच्या राजी झाल्या, आणि चष्मेवाल्याने उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी खोली रंगवून टाकली. सामान हलवेपर्यंत दर रविवारी त्यांना जेवायला आणायचं आणि संध्याकाळी पोचवायचं, हा शिरस्ता ठरला.

आणि दर रविवारी काटा लाल रेघेला. सोमवार ते शनिवार गाडी एकदम शहाणी. चष्मेवाला दुकानात जातो, भिंगं आणायला जातो, काटा मधोमध. मिस्त्रीकडे नेली की तर विचारूच नका. मिस्त्री हा गडी चिकाटीचा. त्याने थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर बदलला, रेडिएटर धुवून काढला, शेवटी इंजिनावर तापमान मोजायचं यंत्र रोखून आकडा बघितला आणि हात पुसले.

"इंजिन ठणठणीत आहे, साहेब. काटा खोटं बोलतोय."

"पण रविवारीच का बोलतो?"

"ते तुम्ही शोधा. रविवारी वेगळं काय असतं?"

याचं उत्तर चष्मेवाल्याला पुढच्या रविवारी रस्त्यात सापडलं. काटा पुन्हा चढला, गाडी पुन्हा कडेला लागली. बॉनेटपाशी उभं राहून त्याने मिस्त्रीला फोन लावला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मोठ्याने म्हणाला, "अहो, मिळालं उत्तर! सासूबाई बसल्या की काटा चढतो! त्या उतरल्या की खाली!" वर सात मजली हसला. जिभेला हाड नसलं की असं होतं. गाडीची काच अर्धी उघडी होती आणि सासूबाईंचे गुडघे गेले असले तरी कान शाबूत होते.

त्या घरी आल्या. जेवल्या, भांडी विसळू लागल्या, कुणी ऐकलं नाही म्हणून परत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, "मी इथंच बरी आहे गं. जिन्याची सवय आहे मला."

"काय बोललात तुम्ही माझ्या आईला?" बायकोने संध्याकाळी विचारलं. त्याने सांगितलं. मग बायकोने बोलणं टाकलं. घरात मीठ हवं असेल तरी ते भिंतीकडे बघून मागितलं जाऊ लागलं.

चष्मेवाल्याला फार वाईट वाटलं. त्याला सासूबाई घरात मनापासून हव्या होत्या. त्या जिन्याचा विचार आला की त्याची झोप उडे. पण हा बाबा असा, की माफी मागायची सोडून गाडीचं निर्दोषत्व सिद्ध करायला निघाला. काट्याचा आणि सासूबाईंचा काही संबंध नाही हे एकदा दाखवून दिलं की झालं, असा त्याचा हिशेब. त्याने वाळूचं एक पोतं आणलं, अंदाजाने सासूबाईंच्या वजनाचं केलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि वर पट्टाही लावला. गावभर फिरवलं. काटा ढिम्म हलला नाही. परत आला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"माझ्या आईच्या जागी पोतं?"

अबोला सुटला तो असा, आणि त्यानंतर तिने जे ऐकवलं त्यापेक्षा अबोला परवडला असता. शिवाय पोत्याने सिद्ध झालं ते भलतंच: दोष वजनाचा नाही, म्हणजे खुद्द सासूबाईंचाच!

शेवटी तो मिस्त्रीला मागच्या सीटवर घालून सासूबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. "आई, एकच फेरी. गाडीची परीक्षा आहे, तुमच्याशिवाय होणार नाही." जावयाला नाही म्हणणं बाईंच्या रक्तातच नव्हतं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या खाली आल्या. त्याने अदबीने दार उघडलं, त्यांना बसवलं, गाडी सुरू केली आणि नेहमीप्रमाणे गार हवेचा ब्लोअर पूर्ण वेगाने त्यांच्याकडे वळवून सोडला. पहिल्यांदा गाडीत बसल्या त्या दिवशी जिना उतरून दमल्याने त्यांनी रुमालाने वारा घेतला होता. तेव्हापासून त्यांना उकडतं हे त्याने डोक्यात पक्कं केलं होतं.

कोपऱ्यावर वळेपर्यंत काटा लाल रेघेला.

"चढला!" मिस्त्री मागून मान लांब करून ओरडला. "आणि साहेब, पेट्रोलचाही चढलाय की!"

खरंच की. पेट्रोलचा काटाही वर सरकला होता. तो दर रविवारी सरकत असणार, पण पेट्रोल वाढलं म्हणून तक्रार कोण करतो? चष्मेवाल्याने गाडी थांबवली आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्या पिशवी छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या. दोन्ही हात पिशवीखाली दडवलेले, ओठ निळसर. लोकांच्या नजरा तपासून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट इतक्या रविवारांत दिसली नव्हती.

"आई, तुम्हाला थंडी वाजतेय?"

"नाही नाही. छान आहे."

"खरं सांगा."

"वाजते थोडी. पण तुम्ही इतक्या हौसेने लावता. म्हटलं, कशाला मन मोडा."

"दर वेळी वाजते?"

"पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या आणि त्यांना एक शिंक आली.

त्याने चटकन ब्लोअर बंद केला. आणि त्या तिघांच्या डोळ्यांदेखत काटा लाल रेघेवरून हळूहळू उतरत मधोमध येऊन थांबला.

चष्मेवाल्याने ब्लोअर लावला. काटा वर. बंद केला. खाली. "बघू," म्हणून सासूबाईंनी स्वतः बटण फिरवलं. वर. खाली. वर. त्यांना हसू आवरेना, मग त्यालाही आवरेना. बायको शेजारी बसली की सर्दीच्या भीतीने ब्लोअरला हात लावू देत नसे. दुकानात जाताना तो काचा खाली करत असे. आणि वाळूच्या पोत्याला वारा कोण घालतो!

"अर्थिंग!" मिस्त्री म्हणाला आणि डॅशबोर्डखाली शिरला. आता त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. आतून आवाज आला, "दोन्ही काट्यांच्या मीटरची आणि ब्लोअरची अर्थिंगची वायर एकाच स्क्रूला आहे. स्क्रू ढिला, वर गंज. ब्लोअरने जोर केला की मीटर भलतंच दाखवतं. पॉलिश पेपरने घासून घट्ट करतो. पाच मिनिटं."

ती पाच मिनिटं दोघं शेजारी शेजारी बसून होती.

"आई, त्या दिवशी मी फोनवर बोललो ते फार वाईट बोललो. मला माफ करा."

"अहो, त्याचं काय एवढं! हसलेच मी मनात," सासूबाई म्हणाल्या. "राहायला यायला नाही म्हटलं, ते त्यासाठी नव्हे."

"मग?"

"त्या दिवशी तुम्ही बॉनेटपाशी, आणि मी इथे कुडकुडतेय. नुसतं बटण फिरवायचं होतं, तर हात पुढे होईना. मग विचार केला, इथे हात पुढे होत नाही, तर तुमच्या घरात काय होणार? मला दुसऱ्या कशाची भीती नव्हती हो. मरेपर्यंत पाहुणी म्हणून राहायची भीती होती."

चष्मेवाला स्टिअरिंग सोडून त्यांच्याकडे वळून बसला. तो म्हणाला, "मग आता सांगा. काय काय आवडलं नाही ते सगळं सांगा."

"सगळं?"

"सगळं."

बाई जरा सावरून बसल्या. "त्या खोलीचा गुलाबी रंग. बघितला की दात दुखतात. तुमचा चहा, नुसता पाक असतो. आणि मला भांडी विसळू द्यायची. हात रिकामे राहिले की मला सुचत नाही."

"मीही एक सांगू? तुम्ही मला तिसऱ्यांदा वाढता ना, तेव्हा पोट फुटायची वेळ आलेली असते."

"मग नाही म्हणायचं, तोंड नाही का?"

आयुष्यात बोलणी खाऊन कुणी इतकं खूश झालं नसेल. मिस्त्री बाहेर आला, ब्लोअर लावला, काटा जागचा हलला नाही. सासूबाईंनी तो बंद केला. "आता घरी चला," त्या म्हणाल्या. चष्मेवाल्याने गाडी तिसऱ्या मजल्याच्या दिशेने वळवायला घेतली, तशा त्या ओरडल्या, "इकडे कुठे? तुमच्या घरी."

दारात बायको उभी होती. आई गाडीतून उतरताना नवऱ्याला काहीतरी फर्मावतेय आणि तो दात काढून मान डोलावतोय, हे तिला काही कळेना.

"आई! आज रविवार नाही. जेवायला आलीस?"

"नाही गं," सासूबाई उंबऱ्यातून आत येत म्हणाल्या, "राहायला." आणि शिलाई मशीन खिडकीपाशी मावतं का ते बघायला त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या.