मापांच्या वहीतली माणसं

घरातून चालणाऱ्या धंद्यांचे नवे नियम नगरपालिकेने काढले, ते वाचून टेलरबाईने कपाळाला हात लावला. दिवसाला आठच गिऱ्हाइकं, दाराशी रांग नको, भिंतीवर पाटी नको. आठ गिऱ्हाइकांत कुणाचं घर चालतं? तिच्याकडे रोज तीस तरी यायची. कुणाची पँट लांब, कुणाची चेन तुटलेली, कुणाला मापाच्या दोन इंच बाहेर गेलेलं पोट शर्टात बसवून हवं.

मग तिने पळवाट शोधली. समोर रस्ता ओलांडला की नगरपालिकेचीच बाग होती. तीन बाक, एक घसरगुंडी आणि दाट सावलीचं एक झाड, एवढीच काय ती बाग. आलेल्या गिऱ्हाइकाने तिथे बसायचं आणि खिडकीतून हाक आली की घरात यायचं. दाराशी रांग नाही म्हणजे नाही.

बागेचा कारभार सासूबाईंकडे होता. त्या स्वतः चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या. गुडघे गेले तेव्हा मशीन सुटलं, पण गळ्यातली टेप सुटली नाही. सकाळी बाकावर बसायच्या, येईल त्याचं माप घ्यायच्या आणि तारीख, नाव, माप वहीत लिहायच्या. अक्षर सुरेख, पण जीभ कात्रीसारखी. सुनेने शिवलेला कपडा हातात आला की उलटा करून बघायचा आणि म्हणायचं, "उसव." एकोणीस वर्षांत याहून वेगळा शेरा टेलरबाईने ऐकला नव्हता.

आठांच्या नियमाचं तिने सासूबाईंना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं, तर "आठच? आमच्या वेळी दुपारपर्यंत आठ व्हायचे," हे महिनाभर ऐकावं लागलं असतं.

अशात बाग मोडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा करायचं निघालं. नगरपालिकेचा माणूस तीन दिवस माणसं मोजून गेला आणि रोजची तीस लिहून गेला. वीसच्या खाली आकडा आला असता, तर बाग गेली होती. सुनावणी लागली, आणि टेलरबाईच्या परवान्याचं नूतनीकरण नेमकं त्याच दिवशी, बागेच्या पुढचाच विषय म्हणून आलं. बागेसाठी सासूबाईही सोबत आल्या, आणि दोघी सभागृहात शेजारीशेजारी बसल्या.

दोन गाड्या असलेला एक शेजारी उठला. "साहेब, हा आकडा खोटा आहे," तो म्हणाला. "त्या बागेत कुत्रंसुद्धा बसत नाही. तुमच्या माणसाने घरी बसून मोजणी केली."

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं, "बागेत रोज तीस माणसं येतात, याचा कुणाकडे काही पुरावा?"

सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिल्या. "आहे ना. तारखेवार आहे." आणि त्यांनी पिशवीतून मापांची वही काढली.

टेलरबाईला पुढचा विषय आठवला. सासूबाईंची बाही तिच्या हाताशीच होती. एकदा ओढली असती, तरी त्या खाली बसल्या असत्या. तिने हात पुढे केलाही.

"ही सगळी माझ्या सुनेकडे येणारी माणसं," सासूबाई सांगत होत्या. "गावात दुकानं काय कमी आहेत? पण हिची शिवण आतून बघा, बाहेरून बघा, सारखीच. एक कपडा परत आलेला नाही. मी चाळीस वर्षं हेच काम केलं, पण असा हात मला नव्हता. म्हणून माणसं तासतासभर बागेत बसतात."

टेलरबाईचा हात तसाच मांडीवर परत आला.

अधिकाऱ्याने वही शांतपणे चाळली. बागेची मोजणी खरी धरली आणि बाग आहे तशीच ठेवायचं ठरवलं. शेजारी पाय आपटत निघून गेला. मग अधिकाऱ्याने पुढचा कागद घेतला आणि तीच वही पुन्हा उघडली.

"बाई, ही वही तुमच्याच धंद्याची?"

"हो," टेलरबाई म्हणाली.

"परवाना आठ गिऱ्हाइकांचा आहे. इथे एका दिवसात एकतीस दिसतात." त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं, पण शिक्का त्याने मारलाच. परवाना वर्षभरासाठी रद्द.

घरी जाताना सासूबाईंना सगळा उलगडा झाला आणि त्या रस्त्यातच थांबल्या.

"आठांचं मला बोलली का नाहीस?"

"चुकलं माझं."

"बरं, तिथे तरी थांबवायचंस. शेजारीच बसली होतीस ना? मी आपली वेड्यासारखी बोलत सुटले. आता वर्षभर खायचं काय?"

"थांबवणार होते, आई," टेलरबाई म्हणाली. "पण तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोलायला लागलात. पुरतं ऐकून घ्यावंसं वाटलं."

रस्त्यावरून दोन-तीन माणसं त्यांना वळसा घालून पुढे गेली. मग सासूबाईंनी सुनेच्या हाताचा आधार घेतला आणि चालायला लागल्या.

"मी तिथे काही वाढवून सांगितलं नाही," कोपऱ्यावर आल्यावर त्या म्हणाल्या.